एकोणीस दात

गिअरबॉक्स आला तो चुकीचा.
मागवला होता तिसाचा, पाटीवर कोरलंय पंचवीस.
टोर्सहाव्नची बोट परत जाऊन तीन तास झालेले
आणि मॅकरेलनं गच्च भरलेला ट्रॉलर
सुदुरॉयच्या धक्क्याला दोर टाकतोय.

हानुस म्हणायचा, आधी बस, बिर्ना.
पाना नंतर. पहिली पेन्सिल.
बसले, बर्फाच्या क्रेटवर.

मोटर: मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे.
भागिले पंचवीस, सत्तावन्न पूर्णांक सहा.
ड्रमचा व्यास वीस सेंटिमीटर,
म्हणजे एका फेऱ्यात पट्टा सरकणार
त्रेसष्टला जरासा कमी.
गुणलं, साठानं भागलं:
सेकंदाला साठ सेंटिमीटर.
हवेत पन्नास.
जास्तीचे दहाच, एक मूठभर,
पण ही झाकली मूठ नव्हे,
दर सेकंदाला उघडते
आणि मासे ओतते टेबलावर.

मग साखळीचा हिशोब.
गिअरबॉक्सच्या दांड्यावर पंधरा दातांचं चाक,
ड्रमच्या दांड्यावर अठराचं.
साधं त्रैराशिक. ड्रम फिरेल अठ्ठेचाळीस,
नेमका, शेपूट नसलेला आकडा.
पट्ट्याखालचे सहा सेंटिमीटरचे बारके रोलर
फिरतील एकशे साठ:
बापाचं एक पाऊल, तर पोरांची तीन
आणि वर एक छोटी उडी.
उत्तर इतकं देखणं आलं
की मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

फडताळात अठराचं चाक नव्हतं.

सतराचं होतं. एकोणीसचं होतं.
सतरा लावलं तर त्रेपन्न,
एकोणीस लावलं तर साडेसत्तेचाळीस.
ट्रोन्दुर दारात उभा, कानाला फोन,
तिकडे ट्रॉलरचा कप्तान ओरडतोय.
सतरा लाव, तो म्हणाला,
तीन सेंटिमीटरनं कुणाचं काय जातं?
मीही तेच म्हणाले,
अडीच सेंटिमीटरनं कुणाचं काय जातं?
दात कोरून पोट भरत नाही, बिर्ना.
लाव काय ते. लवकर.

कमी वेगात मोटर थंड राहते,
असं मी वहीत लिहिलं. खोटं नाही ते.
पूर्ण खरंही नाही.

पहाटे चारला पट्टा चालू केला.
खडूची खूण केली, हानुसचं घड्याळ काढलं
(काच तडकलेली, काटे शाबूत).
दहा मीटरला एकवीस सेकंद.
कागद आणि रबर एकमेकांशी खोटं बोलत नव्हते.

वजनकाट्याच्या अलीकडे मार्जुन उभी असते,
बावीस वर्षं तीच जागा, तोच डावा पाय पुढे.
सहाच्या कॉफीला तिनं विचारलं,
पट्ट्याला काय केलंस?
का, काय झालं?
काही नाही. मध्ये नाक पुसता आलं.

तिला गुणोत्तर सांगितलं नाही.
आठ तासांत पट्टा साडेसातशे मीटर कमी धावला,
ट्रोन्दुरच्या तक्त्यात ते दिसलं असणार,
पण त्या आठवड्यात वारा इतका होता
की निम्मे ट्रॉलर बंदरातच अडकून पडले
आणि कमी-जास्त सगळं वाऱ्याच्या नावावर गेलं.

गुरुवारच्या बोटीनं अठराचं चाक आलं,
मेणकागदात, पावतीसकट.
ट्रोन्दुरनं स्वतः आणून दिलं, काही बोलला नाही.
रात्री साखळी काढली, एक कडी कमी करावी लागली.
खडू, घड्याळ. दहा मीटरला वीस सेकंद.
नेमका. शेपूट नसलेला.

सकाळी मार्जुननं मान वळवून
एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग हात कामाला लागले.
नाकाचा थेंब मी लांबून पाहिला,
दिव्यात चमकला, गळाला.

वहीत ओळ घातली:
एकोणीस दात, तीन दिवस, तक्रार नाही.
जुनं चाक रॉकेलनं धुतलं,
दातादातात ग्रीस भरलं
आणि फडताळात ठेवलं,
मागे नाही,
पुढे, हाताशी.